हात मागे, भिवा!

फार फार वर्षांपूर्वी कोंडसरी गावात मधगोटी नावाच्या आंब्याचं एकच झाड होतं, भिवाच्या परसात. तो आंबा चाखला की अबोला धरलेल्या सासवासुनाही हसून बोलायच्या, असं म्हणतात. एका वैशाखात वादळ आलं आणि झाड मुळासकट आडवं झालं. हाती उरले ते शेवटचे आंबे, म्हणजे मूठभर कोया. त्या रुजल्या नाहीत तर मधगोटी कायमची संपली!

भिवा ओक्साबोक्शी रडला आणि मग कामाला लागला. खड्ड्यात गोठ्यातलं ताजं शेण भरलं, वर माशांचं खत ओतलं आणि त्यात कोया पुरल्या. माया हो, दुसरं काय! थोड्याच दिवसांत सगळ्या कोया सडून काळ्या पडल्या. एकच वाचली, कारण ती बायकोने गुपचूप बाजूला ठेवली होती.

ती कोय घेऊन बायको तडक द्वारकाबाईकडे निघाली, मागोमाग खाली मान घालून भिवा. द्वारकाबाई गावची सुईण. भिवासुद्धा तिच्याच हातावर जन्मलेला.

“मेल्या, तान्ह्या लेकराला कोणी पुरणपोळी भरवतं का?” ती कडाडली.

तिने ओढ्याची वाळू घेतली, फणसाखालचा कुजलेला पालापाचोळा घेतला आणि मुरलेलं जुनं शेणखत, तेही जरासंच. सगळं कालवून मुठीत दाबलं. गोळा झाला. बोट लावताच तो भुसभुशीत सुटला, तेव्हा कुठे तिने ती माती टोपलीत भरून त्यात कोय ठेवली.

पण भिवाला दम कुठला? कधी शेण, कधी दूध, काहीतरी लपवून आणायचाच. द्वारकाबाईच्या उंबऱ्यात पाऊल पडताच तिचा आवाज यायचा, “हात मागे, भिवा!” द्वारकाबाई परगावी बाळंतपणाला गेली, तर खुद्द टोपलीतून तो आवाज यायचा, असं म्हणतात!

आणि एके सकाळी तांबूस कोंब वर आला. भिवा हात मागे बांधून टोपलीवर वाकला आणि आनंदाने रडायला लागला.

“सरक तिकडे,” द्वारकाबाई म्हणाली, “खारं पाणी नको त्याला!” पण तिचेही डोळे भरले होते.

आज कोंडसरीत घरोघरी मधगोटी आहे. तिथे कोय लावायच्या मातीला ‘द्वारकाबाईची मूठ’ म्हणतात. गोळा करून तो सुटतो का, हे घरातली थोरली बाई बघते, आणि तोवर बाकी सगळे हात मागे बांधून उभे राहतात. कोणाचा हात चुकून पुढे आलाच, तर पोरं एका सुरात ओरडतात, “हात मागे, भिवा!”

सगळ्यात मोठा आवाज भिवाच्या घरातल्या पोरांचा असतो.