फाटकापाशी पडलेली चप्पल

एकदा एका वृद्ध ॲक्युपंक्चर चिकित्सकाकडे एक शिष्य सुया टोचण्याची विद्या शिकत होता. शरीरावरचे शेकडो बिंदू त्याला मुखोद्गत होते आणि ते मुखोद्गत आहेत, हे तो इतरांनाही विसरू देत नसे. गुरुजींची एकच गोष्ट त्याला खटके. आत गादीची खुर्ची असताना ते सकाळभर ओसरीवर, चपला ठेवण्याच्या जागेशेजारी स्टूल टाकून बसत. नवख्या माणसाला वाटे, चपला राखायला कुणी म्हातारा ठेवलाय.

गावातला एक कापडव्यापारी कंबरेपासून पोटरीपर्यंत उतरणाऱ्या कळेने बेजार होऊन आला, तेव्हा गुरुजींनी प्रथमच शिष्याच्या हाती सुया दिल्या. तीन बैठका झाल्या. चौथ्या सकाळी व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊन हजर.

"डॉक्टर!" तो पायरीवरूनच ओरडला. शिष्याला आजवर कुणी डॉक्टर म्हटले नव्हते, त्यामुळे त्याने आधी मागे वळून पाहिले. "काल संध्याकाळपासून कळ गायब! नावाला नाही. आता मेव्हण्याला पाठवतो, त्याची मान धरलीय."

शिष्याने नम्र दिसण्याचा प्रयत्न केला, साधला नाही.

गुरुजी मात्र उठून अंगणात गेले आणि फाटकापाशी पडलेली चप्पल उचलून घेऊन आले. "शेठ, ही तुमची?"

व्यापाऱ्याने खाली पाहिले. डावा पाय अनवाणी होता. "अरेच्चा! ही कधी निसटली?"

"टाचा टेकवून दोन्ही पायांची बोटं वर उचला बघू."

उजवी उचलली गेली. डावी जागची हलली नाहीत.

गुरुजींनी रस्त्यावरची रिक्षा थांबवली आणि व्यापाऱ्याला पुड्यासकट आत बसवले. "थेट मोठ्या इस्पितळात जा. वाटेत दुकान लागेल, तिथे उतरू नका."

"अहो, पण मी बरा झालोय!"

"मणक्याच्या डॉक्टरांना तसं म्हणू द्या. पेढे तेव्हा आणा."

रिक्षा गेली. शिष्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, माझं पहिलं यश तुम्ही रिक्षात घालून पाठवलंत."

"तुझ्या सुईनं कळ थांबली असती, तर पुडा मीच फोडला असता," गुरुजी म्हणाले. "पण जी नस कळ पोहोचवत होती, तीच दबून बधिर झालीय. निरोप्या वाटेत कोसळला, आणि तू समजलास घरी सगळं क्षेम आहे. अरे, दुखणं माणूस आत येऊन सांगतो. जे दुखेनासं झालंय ते त्यालाच ठाऊक नसतं, मग सांगणार काय? म्हणून मी त्याला येताना बघतो. चप्पल गेलेली ज्या पायाला कळत नाही, तो सुईच्या हातचा नाही. त्याला शस्त्रक्रिया लागते, आणि तीही वेळेत."

शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली.

दोन महिन्यांनी व्यापारी काठी टेकत, पण दोन्ही चपला पायांत घालून आला. कंबर आखडली होती. त्यासाठी सुया घ्यायला इस्पितळातल्या डॉक्टरांची हरकत नव्हती. ओसरीवरच्या स्टुलावर आता शिष्य बसला होता.

"डॉक्टर, पेढे!"

"डॉक्टर इस्पितळात असतात, शेठ," शिष्य म्हणाला. "तुम्ही आधी डाव्या पायाची बोटं उचला बघू."

बोटे हळूहळू वर आली. मग त्याने पुडा घेतला.