उजवीकडे ओढणारी स्कूटर

एकदा एक गृहस्थ आपली जुनी स्कूटर घेऊन एका वस्तादाच्या गॅरेजात आले. आडनाव वायचळ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तक्रार एकच, गाडी उजवीकडे ओढते. ही त्यांची चौथी खेप होती.

आधीच्या तिन्ही वेळा गाडी पाहिली ती वस्तादांच्या शिष्याने, भारतने. भारत कामाला चोख, पण जिभेला हाड नाही. त्याने पुढचा टायर बदलला, दोरी लावून दोन्ही चाके एका रेषेत आणली. स्वतः चालवून पाहिली, तर गाडी सुतासारखी सरळ. वायचळ बसले की पुन्हा उजवीकडे. आता अशा भांडणांत दोघेही खरे असतात, म्हणून तर ती मिटत नाहीत. गिऱ्हाइकाला वाटते मिस्त्री फसवतो, मिस्त्रीला वाटते गिऱ्हाईक डोके खाते.

त्या दिवशी वायचळ म्हणाले, परवा ट्रकखाली जाता जाता वाचलो, आज नीट झाली नाही तर ही भंगारात जाईल. भारतचे डोके फिरले.

"काका, दोष गाडीत नाही, तुमच्यात आहे."

चारचौघांत असे ऐकून घेण्याचे वायचळांचे वय नव्हते.

वस्ताद हातातले काम टाकून उठले. त्यांनी सीटवरून हात फिरवला. पुढची गादी उजव्या कडेला दबली होती, मागची डाव्या. त्यांनी वायचळांना किक मारायला सांगितली आणि वस्ताद, सत्तरीचा हा दाढीवाला माणूस, स्वतः मागे बसला. बसला तोही कसा, दोन्ही पाय डावीकडे सोडून, बायका पदर सावरून बसतात तसा! समोरच्या टपरीवरची मंडळी पोट धरून हसली. भारतला मेल्याहून मेल्यासारखे झाले. स्कूटर पेठेच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. जाताना सरळ, येतानाही सरळ.

वस्तादांनी उतरून हळूच विचारले, "वहिनींना जाऊन किती दिवस झाले?"

"आठ महिने."

"आणि मागे किती वर्षं बसल्या?"

"एकतीस."

वस्ताद म्हणाले, "एका अंगाने बसणाऱ्याचा भार डावीकडे पडतो. तो तोलायला तुम्ही एकतीस वर्षं उजवीकडे कलून बसलात. त्या गेल्या हे तुमच्या मनाला ठाऊक आहे, साहेब. अंगाला अजून कुणी सांगितलेलं नाही."

वायचळांनी चष्मा काढला. ते रडले, आणि लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. टपरीवरचे हसणे केव्हाच थांबले होते.

भारतला फार वाईट वाटले. काहीतरी भरपाई करावी म्हणून तो अजिजीने म्हणाला, की काका, थोडे दिवस मोकळ्या मैदानात मुद्दाम सरळ बसून चालवा, सवय मोडेल.

"मोडेल रे," वायचळ म्हणाले. "त्याचीच भीती वाटते."

गाडी भंगारात द्यायचे त्यांनी पुन्हा काढले नाही. पण त्या दिवशी ते तिच्यावर बसलेही नाहीत. हँडल धरून पायीच निघाले. भारत मागून गेला आणि घरापर्यंत स्कूटर ढकलत राहिला. वाटेत तो एक शब्द बोलला नाही.