गवराची थंड चूल

दिवटीच्या सड्यावर माणसांपेक्षा वाऱ्याचा वावर जास्त होता, त्या काळातली ही गोष्ट. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं कातळाचं पठार. त्याच्या कुशीत उंबरझरा नावाचा धनगरवाडा होता. दहा-वीस घरं, म्हशी, नाचणी आणि पावसाळ्यात दार उघडलं की घरात शिरणारं धुकं.

तिथं गवरा नावाची बाई होती. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच मुलगी, तानी. गवराला किराईत कळायचं. किराईत म्हणजे सड्याच्या कडेला, वाऱ्याच्या तोंडावर उभं राहणारं झाड. उंच दांडा, पांढऱ्या फुलांचा तुरा, आणि मूळ असं कडू की नुसतं हाताळलं तरी दुपारची भाकर कडू लागावी. ते उगाळून, उकळून दिलं की हिवताप उतरायचा. गवराच्या हातून काढा घेतलेला माणूस दगावला नाही, असं म्हणतात.

एकेकाळी सडा किराईतानं पांढरा व्हायचा. पण ज्याला-त्याला मूळ हवं. खणणाऱ्यानं मागचं पुढचं पाहिलं नाही, बी पडायच्या आत झाडं उपटली. होता होता कड्याच्या टोकाशी एक पट्टा तेवढा उरला. गवरा त्या पट्ट्याला जपायची. बोंडं तडकून बी मातीत गेल्याशिवाय ती तिथं कुदळ लावायची नाही आणि कुणाला लावू द्यायची नाही.

मग ते वाईट साल आलं. पाऊस सरला आणि वाड्यात हिव शिरलं, म्हणजे हिवतापाची साथ आली. घरोघर अंथरुणं पडली. गवराजवळची सुकी मुळं वाटून वाटून संपत आली. गावकर, म्हणजे वाड्याचा प्रमुख, होता रायाजी. त्याची बायको तापानं गेली, काढा पोचायच्या आत गेली. रायाजी दुःखानं आंधळा झाला. त्यानं सगळ्यांना देवळापुढं बोलावलं.

"हे हिव सड्यावरच्या गवतात बसतं," तो म्हणाला. "धुक्याबरोबर खाली येतं. गवत वाळलंय. सडा पेटवू. गवताबरोबर हिव जळंल."

माना डोलल्या. भ्यालेल्या माणसाला काहीतरी करायला हवं असतं, मग ते उलटं का असेना.

गवरा उठली. "वणवा फाल्गुनात लावतात, रायाजी. आता किराईताची बोंडं हिरवी हायत. आता जाळलंस तर बी जाईल. थोडं थांब. बोंडं तडकू दे, मग खुशाल जाळ."

"थोडं म्हंजी किती, गवराक्का? आणखी किती तिरड्या?"

गवरा देवळापुढून निघाली. पण तिला एक रीत ठाऊक होती.

उंबरझऱ्यात सडा कुणा एकाचा नव्हता. म्हणून वणवा लावायचा तर प्रत्येक चुलीतला एक निखारा मडक्यात गोळा व्हायचा. सगळे निखारे एकत्र आले की मगच सड्याला आग. एक चूल जरी राहिली, तरी आग लावायची नाही. लावली तर ती खाली वाड्यावर उतरते, अशी समजूत होती.

गवरा घरी आली आणि तिनं घागरभर पाणी आपल्या चुलीत ओतलं.

आता हे साधं नव्हतं बरं का. तिथं चूल विझू देत नसत. रात्री निखारा राखेत पुरायचा, सकाळी फुंकून जागा करायचा. चूल विझायची ती घरात मढं असलं तरच. गवरानं घरात जिवंत लेक असताना चूल विझवली.

मडकं दारात आलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्याकडं इस्तू न्हाई."

बायकांनी तोंडाला पदर लावले. दुसऱ्या दिवसापासून समोरच्या दरडीवर कुणी ना कुणी बसू लागलं, गवराच्या छपरातून धूर निघतो का ते बघायला. धूर निघाला की निखारा मागायला मोकळे. मायलेकी नाचणीचं पीठ ताकात कालवून खायच्या. झऱ्यावर बाया टोमणे मारायच्या, "काय गं गवरे, आज काय रांधलंस? धुकं?"

"व्हय," गवरा म्हणायची, "जरा अळणी झालं. मीठ हाय का तुझ्याकडं?"

पण हसू फार दिवस टिकलं नाही. एका दुपारी तानी गोठ्यातून थरथरत आली आणि जमिनीवर आडवी झाली. दात वाजायला लागले. मग अंग तापलं, इतकं की गवरानं कपाळावर ठेवलेला ओला फडका बघता बघता सुकला.

वाडाभर झालं, चूल विझवली, मरणाला आवतण दिलं.

गवराच्या फडताळात किराईताच्या मुळाचा शेवटचा तुकडा होता. पण काढा उकळायचा कशावर? शेजारी त्यांच्या चुलीवर लोटकं ठेवू देईनात. ऊन म्हणावं तर धुकं हलत नव्हतं. आणि स्वतःची चूल पेटवली, तर समोर दरडीवर बसलेला माणूस मडकं घेऊन उठणार.

ती लेकीकडे बघायची. मग दाराबाहेर, कड्याच्या दिशेला. मग पुन्हा लेकीकडे.

तेवढ्यात रायाजी आला. हातात खापर, खापरात लालबुंद निखारे.

"घे, आक्का. चूल पेटव."

गवरानं हात पुढं केला नाही.

"अगं, पोर चाललीय तुझी! माझी बायको गेली ती मी बघितली. माझा पोरगा शिवा सकाळपासून बरळतोय. आणि तू गवत राखीत बसलीस? पोरीपरीस गवत मोठं झालं?"

गवराचा आवाज फुटला. "मी पेटवली की तू निखारा मागशील. मागशील का न्हाई, सांग."

रायाजीनं खापर या हातातून त्या हातात घेतलं.

"मग पुढल्या साली हिव आलं, तर तुझ्या शिवाला काय पाजू? राख?"

एवढं बोलून तिनं मूळ दगडावर ठेचलं, पाण्याच्या लोटक्यात टाकलं आणि ते मातीचं लोटकं उचलून तानीच्या तापलेल्या पोटावर ठेवलं. दोन्ही हातांनी धरून बसली. ओठ घट्ट मिटलेले.

"हे काय करतेस?" रायाजी पुटपुटला.

"आग हितंच हाय," गवरा म्हणाली. "मला दुसरी नको."

आणि मग पाणी हललं. आधी काठाशी एक बुडबुडा आला. मग तळाशी खदखद सुरू झाली. लोटक्यातून वाफ निघाली आणि घरभर किराईताचा कडू वास पसरला. पोरीच्या अंगातला ताप लोटक्यात शिरला आणि तापानंच तापाचं औषध उकळलं, असं म्हणतात. लोटकं उतरवलं तेव्हा तानीचं अंग गार होतं आणि कपाळावर घाम होता.

गवरानं अर्धा काढा लेकीला पाजला. उरलेलं लोटकं रायाजीपुढं धरलं. तिचे तळवे भाजून सोलले होते.

"ऊन हाय तवर ने. शिवाला पाज."

रायाजी त्या लोटक्याकडे बघत राहिला. एका हातात खापर होतं, आणि लोटकं धरायला दोन हात हवे होते. त्यानं खापर उंबऱ्याबाहेर चिखलात पालथं घातलं. निखारे चरचरले आणि काळे पडले. दोन्ही हातांनी लोटकं छातीशी धरून तो घराकडे पळत सुटला.

शिवा वाचला. त्यानंतर दरडीवर कुणी बसलं नाही. मार्गशीर्षाच्या कोरड्या वाऱ्यात बोंडं तडकली. त्या दिवशी सडाभर तडतड ऐकू आली आणि वाड्यातली सगळी माणसं अंगणात येऊन ऐकत उभी राहिली. मग गवरानं मुळं खणली, घरोघर दिली, आणि प्रत्येक खड्ड्यावर पायानं माती ओढून घेतली. पुढच्या पावसानंतर कड्याच्या टोकाचा पट्टा पार देवळामागच्या उतारापर्यंत उतरला होता.

गवरा पुढं कधी गेली, कशी गेली, कुणाला सांगता येत नाही. तिची समाधी नाही, मूर्ती नाही. पण उंबरझऱ्यात अजून बोंडं तडकायच्या दिवसांत एक दिवस सगळ्या चुली थंड ठेवतात. पोरांना किराईताचं भिजवलेलं पाणी पाजतात. पोरं तोंड वाकडं करून पळतात, आया नाक दाबून पाजतात आणि स्वतःही पितात.

आणि कधी कुणी घाईघाईनं सडा पेटवायला निघालं, खाणीसाठी म्हणा की नव्या गवतासाठी, तर वाड्यातली एखादी बाई, म्हातारी असो की नुकती लग्न होऊन आलेली, दारात येऊन उभी राहते आणि म्हणते, "माझी चूल विझलीय."

मग कुणी कारण विचारत नाही. मडकं परत जातं.