हलकी फळी

एका खाडीकाठी एक गाव होतं. त्या गावात सगळं वजनावर ठरायचं. पापलेट घ्यायचं तर आधी तळहातावर झुलवायचं. नारळ जड, म्हणजे चांगला. नांगर जड, म्हणजे भरवशाचा. लग्नात सुनेच्या पाटल्या हलक्या निघाल्या, तर ती गोष्ट तिच्या नातवंडाच्या बारशापर्यंत पुरायची. चांगल्याला गाव 'भारी' म्हणायचं आणि वाइटाला 'हलकं'. शब्दच तसे होते. त्यामुळे विचार करायची कुणाला गरज पडत नसे.

गावातला सगळ्यात खात्रीचा तराजू म्हणजे भागोजी तांडेलांचा उजवा हात. होडी, वल्हं, सोनं, काहीही आणा. भागोजी ते हातात तोलत, डोळे मिटत आणि निकाल देत. त्या निकालावर अपील नव्हतं.

या भागोजींची पुतणी हेमांगी. शहरात शिकून, पदवी घेऊन ती गावात परत आली होती आणि आल्यापासून तिला पाण्याचं वेड लागलं होतं. होडीला लांब दोर बांधायचा. तीन हात लांबीची फळी पायांना घट्ट बसवायची. दोर धरून पाण्यावर उभं राहायचं. होडी धावू लागली की तिच्या मागे लाटेच्या दोन धारा उठतात. एका धारेवरून उडी घ्यायची आणि हवेतून दुसऱ्या धारेपलीकडे उतरायचं. शहरातले लोक या फळीला वेकबोर्ड म्हणत. गाव नुसतं 'फळी' म्हणे. हेमांगीची फळी फणसाच्या लाकडाची होती. काकांनी स्वतः तासलेली. अर्थातच जड.

त्या वर्षी खाडीवर जलक्रीडा केंद्र निघणार होतं. तिथे शिकवायला एकच जण घेणार होते. होळीच्या आधीच्या रविवारी परीक्षा होती आणि अट सोपी होती. एका फेरीत लागोपाठ तीन उड्या पूर्ण झाल्या पाहिजेत.

हेमांगीच्या दोन व्हायच्या. तिसरीला डावा खांदा दगा द्यायचा. ती दोन धारांच्या मधोमध पाण्यात आपटायची. संध्याकाळी आई तिचा खांदा शेकायची. ही जागा मिळाली तर हेमांगी गावात राहणार होती. नाही मिळाली तर शहरात जाऊन कुणाच्या तरी कचेरीत बसणार होती. तिला कचेरीची नुसती कल्पनाही सोसत नसे.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना फणसाची फळी खडकावर आदळून चिरली.

"बरं झालं," हेमांगी धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणाली. "आता होळीत टाकते हिला. चांगली जळेल. जळाऊ लाकूडच आहे ते."

भागोजींनी चिरलेली फळी उचलली आणि घरी नेली.

दुसऱ्या दिवशी काका-पुतणी तालुक्याच्या दुकानात गेली. तिथे दोन फळ्या होत्या. एक साधी, दणकट. दुसरी दिसायला तशीच, पण बोटावर पेलता येईल अशी. तिची किंमत दुप्पट होती. हेमांगीने दोन वर्षं सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना पाण्यावर उभं राहायला शिकवून पैसे साठवले होते. साधी घेतली तर उरलेल्या पैशांत पाटल्या झाल्या असत्या. हलकी घेतली तर फक्त फळी.

भागोजींनी साधी फळी तोलली आणि मान डोलावली. मग दुसरी तोलली. डोळे मिटायच्या आतच उघडले.

"हलकी आहे गो ही!"

"हो काका. म्हणून तर महाग आहे."

"हलक्या मालाला दुप्पट? तुला शिकवलं काय त्या कॉलेजात?"

"हलकी म्हणजे कमी वजनाची. हलक्या प्रतीची नव्हे."

"तेच ते."

"तेच कसं?" हेमांगीचा आवाज चढला. "ओझं हलकं झालं की तुम्हाला बरं वाटतं. काकूच्या बाळंतपणाला तुम्ही हलक्या हाताची सुईण शोधत तीन गावं फिरलात. रडून झालं की माणसाचं मन हलकं होतं, ते काय वाईट होतं? मग फळीच हलकी झाली की वाईट कशी?"

दुकानदार हसू दाबत कपाटाकडे वळला. मुद्दा हरला की वडीलधारी माणसं पैशांवर येतात.

"पैसे पाण्यात घालते आहेस, हेमे."

"फळी पाण्यातच चालते, काका."

भागोजी लाल झाले. पण ते लबाड नव्हते. होडी त्यांची होती. ओढणार नाही असं म्हणाले असते तर विषय तिथेच संपला असता. ते तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "तोंडाने नको. पाण्यावर दाखव."

दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "शनिवारी दोन्ही घेऊन जा. सोमवारी एक परत आणा."

रविवारी सकाळी अर्धं गाव धक्क्यावर जमलं. भागोजी सगळी मोजदाद दोरीच्या गाठींवर करायचे. आजही त्यांनी कमरेला सुतळीचे दोन तुकडे अडकवले होते, एकेका फळीसाठी एक. उडी पूर्ण झाली की एक गाठ. फेरी संपली की वीतभर सुतळी मोकळी सोडायची आणि पुढच्या फेरीला लागायचं.

हेमांगी म्हणाली, "काका, आधी एका फळीवर सगळ्या फेऱ्या आणि मग दुसरीवर, असं नको. शेवटी मी दमलेली असणार. तो दोष एकाच फळीवर जाईल. एक फेरी हिच्यावर, एक तिच्यावर. अशा चार-चार."

भागोजींनी तिच्याकडे पाहिलं. दमायच्या आधी आपल्याला हवी ती फळी घ्यायची सोय पोरगीने स्वतःच सोडली होती. ते त्यांनी मनात नोंदवलं.

साध्या फळीवर पहिल्या फेरीत दोन उड्या झाल्या. तिसरीला खांद्याने नेहमीसारखी मान टाकली.

मग हलकी फळी. हेमांगी लाटेवर आली आणि तिने जड फळीच्या सवयीने जोरात ओढ घेतली. फळी पाखरासारखी उडाली आणि हेमांगी तिच्याखाली राहिली. ती पाण्यात उताणी पडली. त्याच फेरीत दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. धक्का खदखदून हसला. कुणीतरी ओरडलं, "पाटल्या घे गो, पाटल्या! त्या तरी हातात राहतील!"

हेमांगीच्या नाकातोंडात खारं पाणी गेलं होतं. डोळे चुरचुरत होते, आणि ते सगळं खाडीच्या पाण्यानेच होतं असं नाही. दोर सोडून द्यावा असं तिला क्षणभर वाटलं. मग तिला स्वतःचंच बोलणं आठवलं. हलका हात. आपण फळी हलकी मागितली आणि हात जडच ठेवला.

हलकीच्या पुढच्या फेरीला तिने निम्मी ओढ घेतली. एक उडी झाली. दुसरी झाली. तिसरीच्या वेळी खांदा कण्हला, पण फळी वर जायला त्याची वाट पाहत थांबली नाही. हेमांगी दुसऱ्या धारेपलीकडे अलगद उतरली.

आठ फेऱ्या संपल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भागोजींनी सुतळीचे दोन तुकडे समोर धरले आणि मोजून सांगितलं, "साधीच्या आठ गाठी. हलकीच्या नऊ. एका गाठीसाठी दुप्पट पैसे?"

धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. बघा, म्हणजे आपण म्हणत होतो तेच.

"काका," हेमांगी अजून धापा टाकत होती. "गाठी किती ते बघितलंत. कुठे बसल्यात ते बघा की."

भागोजींनी सुतळी पुन्हा बोटांतून ओढली. साध्या फळीच्या सुतळीवर दोन गाठी, मोकळी वीत. दोन गाठी, मोकळी वीत. शेवटपर्यंत दोनच. हलकीच्या सुतळीवर सुरुवातीची वीत पूर्ण रिकामी होती. त्यानंतर तीन. तीन. तीन.

परीक्षेला तीनच लागणार होत्या.

भागोजी बराच वेळ सुतळी चाचपत राहिले. जन्मभर गाठी मोजल्या होत्या त्यांनी. वाचल्या नव्हत्या.

तेवढ्यात गर्दीतून नर्सबाई पुढे आल्या. सुलभाताई. पन्नाशीत पाण्यावर उभं राहायचं त्यांनी मनावर घेतलं होतं आणि त्या हेमांगीकडे शिकत होत्या. "मलाही बघू दे ती महागाची," त्या म्हणाल्या. हेमांगी खुशीत म्हणाली, "बघाच ताई, परत जड फळीचं नाव काढणार नाही तुम्ही."

सुलभाताई हलक्या फळीवर उठल्या आणि पडल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा पडल्या. फळी पायाखाली ठरेच ना. पाचव्यांदा पडल्यावर त्यांनी साधी मागितली. तिच्यावर पहिल्याच खेपेला उभ्या राहिल्या आणि खाडीच्या वळणापर्यंत हात हलवत गेल्या.

हलकी फळी हेमांगीच्या खांद्याला तारत होती. सुलभाताईंना तीच फळी बुडवत होती. सुलभाताईंसाठी ती घेतली असती तर काका म्हणत होते ते अगदी खरं होतं. पैसे पाण्यात. आणि केंद्रात शिकायला येणारी माणसं सुलभाताईंसारखीच असणार होती.

ती भागोजींजवळ गेली. "काका, मी हलकीच घेणार. माझ्या उड्यांसाठी. पण शिकणाऱ्यांना जड लागेल." ती थोडी अडखळली. "ती फणसाची... दुरुस्त होईल?"

"कुठली? होळीत टाकायची ती?"

"काका..."

"जळाऊ लाकूड ते?"

हेमांगीने जीभ चावली. "चुकलं माझं."

"त्याच रात्री पितळेची पट्टी बसवली तिला," भागोजी म्हणाले. "पडवीत उभी आहे. तू बघितलं कुठे? तुझं लक्ष किमतीच्या चिठ्ठीवर."

सोमवारी साधी फळी दुकानात परत गेली. पाटल्या राहिल्या. धक्क्यावर काय काय बोललं गेलं ते आईच्या कानावर आलं. आई एवढंच म्हणाली, "खांदा सुजला नाही तर मला पाटल्या मिळाल्यासारख्याच."

परीक्षेच्या दिवशी खाडीच्या दोन्ही काठांवर माणसं उभी होती. होडी भागोजींनीच हाकली. हेमांगीच्या आधी दोघांचा प्रयत्न फसला होता. दोर ताणला गेला. पहिली उडी झाली. दुसरी झाली. तिसरीच्या वेळी भागोजींनी मागे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. पुतणी हवेत होती. पायाखालची फळी उन्हात लखलखत होती. मग ती दुसऱ्या धारेपलीकडे उतरली आणि पाण्याचा फवारा उडाला.

भागोजी सुकाणू धरल्या जागी उभे राहिले आणि सगळ्या खाडीला ऐकू जाईल असे ओरडले, "भारी! भारी गो पोरी!"

दोराच्या टोकावरून हसत हसत उत्तर आलं, "भारी नाही काका! हलकी!"

तात्पर्य: शब्दाच्या वजनावर वस्तूची किंमत ठरवू नये. जिथे आपला हात खरोखर कमी पडतो तिथे जास्तीचे पैसे मोजावेत, इतरत्र नाही. आणि हात कुठे कमी पडतो ते तोलणाऱ्याला विचारू नये. ज्याचा खांदा दुखतो त्याला विचारावं, आणि त्यानेही ते पाण्यात उतरून, खरं खरं सांगावं.