पाणमांजर सरांची बुडी

माणसांच्या शाळा निघण्याआधीच्या काळात एका नदीकाठी प्राण्यांचं विद्यापीठ होतं. तिथले कुलगुरू एक धनेश पक्षी होते. त्यांनी एकदा शिक्षकांना सांगितलं, "यापुढे प्रत्येक विषयात विद्यार्थ्यांकडून लिहून घ्या."

पोहणं शिकवणारे पाणमांजर सर वैतागले. "लिहिणं मैनाबाईंच्या भाषेच्या वर्गात. आमच्याकडे बुडी मारतात."

"मग बुडी कशी मारतात, तेवढं लिहून दाखवा," कुलगुरू म्हणाले.

सरांनी ओल्या वाळूवर नखानं झरझर सुरुवात केली. 'श्वास भरून घ्यावा. डोकं खाली घालावं. मग...' नख तिथेच अडलं. मग आधी शेपटी वळते की पाय? जन्मभर बुड्या मारल्या, पण हे कधी पाहिलंच नव्हतं.

शेपटी नि पाय नीट पाहायला सर पाण्यात उतरले. बऱ्याच वेळानं वर आले, तर वर्ग काठावर जमलेला.

"सर, आज बुडी ना?"

"आधी वाळू सपाट करा," सर म्हणाले. "सगळ्यांना लिहायला पुरली पाहिजे."