माथ्यावरचा गोटा

एकदा एका हाडवैद्यांकडे त्यांचा शिष्य तीन वर्षांनी परत आला, आणि नमस्कार करण्याआधीच त्याने खांद्यावरची झोळी काढून त्यांच्या पायाशी ठेवली. झोळीत बांबूच्या तासलेल्या कामट्या होत्या, धुऊन वाळवलेल्या पट्ट्या होत्या, लेपाची डबी होती. हाडवैद्याचा सारा संसार एवढाच असतो, आणि तो परत करायला आलेल्या माणसाला काय म्हणायचे आहे हे वेगळे विचारावे लागत नाही. तरी म्हाताऱ्या वैद्यबुवांनी विचारले, "काय रे, झोळी उसवली का?"

"झोळी धड आहे, गुरुजी. माझ्याच्यानं आता होत नाही."

डोंगरापलीकडच्या गावात वैद्यबुवांनीच त्याला पाठवले होते. त्या गावात हाड मोडले की अंगारा लावीत, चिंध्या गुंडाळीत, आणि माणसाला कोपऱ्यात निजवून ठेवीत. पुढे जन्मभर त्याला लंगडा किंवा थोटा म्हणून हाक मारायला सगळे मोकळे. पहिल्या वर्षी गाव शिष्याला नुसते हसले. दुसऱ्या वर्षी पाटलाच्या जावयाचा पाय त्याने बांधला. जावईबापू आठव्या दिवशी कामट्या सोडून कुस्त्या बघायला गेले, पाय वाकडा बसला, आणि खापर वैद्याच्या माथी फुटले. तिसऱ्या वर्षी त्याला चावडीजवळची खोली सोडावी लागली आणि गावच्या बेटातला बांबू तोडायलाही मनाई झाली.

"दरवर्षी अडचण वीतभर वर चढते," शिष्य म्हणाला. "एवढी उंच होणार हे आधी कळलं असतं, तर मी गेलोच नसतो."

वैद्यबुवांनी त्याला ना समजावले, ना रागे भरले. त्यांनी फक्त विचारले, "आता तुझ्या पट्टीत कोण आहे?"

शिष्य थोडा घुटमळला. "एकच. तानूबाई कासारीण. उजवं मनगट. सगळं गाव नको म्हणत असताना ती आपण होऊन आली. आज पंधरावा दिवस."

"आणि सोडायची कधी?"

"एकविसाव्या दिवशी. सोडून लगेच बोटं हलवायला शिकवावी लागतील, नाहीतर मनगट आखडेल. शेजारणीला सांगून आलोय मी, ती सोडेल पट्टी."

बांगड्या भरणाऱ्या बाईचे उजवे मनगट आखडणे म्हणजे काय, हे दोघांनाही पुरते ठाऊक होते. पण वैद्यबुवा म्हणाले, "बरं. माझे गुडघे अजून चालतात तोवर नदीची ती घळ एकदा बघायची आहे. उद्या सकाळी निघू. झोळी तूच घे, मला पेलायची नाही."

गुरूला नाही म्हणण्याची सवय शिष्याला नव्हती. आला होता झोळी ठेवायला, आणि निघाला झोळी घेऊन.

वैद्यबुवांच्या दारापुढून वाहणारी नदीच पुढे त्या डोंगरात शिरत होती. दोघे तिच्या काठाने चालत राहिले. वैद्यबुवा दर कोसाला बसत, तंबाखू मळत, कोणाची तरी विचारपूस करीत. शिष्याची मात्र चुळबूळ चाले. चौथ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी वाट फुटली. पलीकडच्या गावाला जाणारा गाडीरस्ता उजवीकडे, दोन कोसांवरच्या खिंडीकडे वळत होता. वैद्यबुवांनी सरळ डोंगर धरला. म्हाताऱ्याला छातीवरची चढण झेपेना, तरी थांबेना. पाचव्या दिवशी सकाळी ते माथ्यावर पोचले.

पायाखाली जमीन संपली होती. समोर दुसरा कडा, आणि मधे शे-सव्वाशे पुरुष खोल घळ. तळाशी दारापुढची तीच ओळखीची नदी, इथून पाहता धोतराच्या काठाएवढी. वारा खालून वर येत होता आणि घारी दोघांच्या पायांखाली फिरत होत्या. कड्यांत काळ्या खडकाचे थरावर थर होते आणि मधोमध तांबड्या मातीचा एक पट्टा. पुढे, घळ संपून नदी पुन्हा उजेडात येत होती तिथे पलीकडच्या गावाची कौले दिसत होती. शिष्याने तिकडे एकदा पाहिले आणि मान फिरवली.

"बोल," वैद्यबुवा म्हणाले. "हे कशानं झालं?"

शिष्याने दोन्ही कड्यांवरून नजर फिरवली. सुताराला झाड दिसत नाही, फळ्या दिसतात. याला हाडे दिसली. "डोंगर मोडलाय, गुरुजी. कधीतरी धरणी हलली असेल, उभी भेग पडली, आणि नदीला आयती वाट मिळाली."

"मोडलेलं हाड आपोआप सरळ बसतं का?"

"कधीच नाही. एक टोक वर जातं, एक खाली. हातानं ओढून जुळवावं लागतं."

"मग तो तांबडा पट्टा बघ. नीट बघ, पालथा पडून बघ."

शिष्य पालथा पडला. या कड्यावर पट्टा जितक्या उंचीवर होता, तितक्याच उंचीवर समोरच्या कड्यावर होता. टोकापासून टोकापर्यंत बोटभरही फरक दिसेना. तीन वर्षे ज्या नजरेचा त्याला अभिमान होता, तीच नजर त्याला फसवून गेली होती. तो उठून अंग झटकत म्हणाला, "मोडलेला नाही. झिजलाय. मधला भाग कोणीतरी घासून नेलाय."

"कोणी?"

"नदीनंच. ती डोंगराला येऊन भिडली आणि चिरत गेली."

"अशी भिडली? आणि ती खिंड?" वैद्यबुवांनी काठीने उजवीकडे दाखवले. "दोन कोसांवर एवढी सोपी वाट असताना ती या काळ्या कातळाशी का झगडली?"

"हट्टी असेल," शिष्य जरा चिडूनच म्हणाला. "असतील काही असे. माझ्यात तेवढी ताकद नाही. तेच तर सांगायला आलो होतो."

वैद्यबुवा हसले आणि एका खडकाला टेकून बसले. "जा, नदीतला एक गोटा घेऊन ये. गुळगुळीत पाहिजे, कोपरा नसलेला. पण खाली उतरायचं नाही."

शिष्य त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. नदी सव्वाशे पुरुष खाली, आणि गोटा आणायचा वरून! चढणीने म्हाताऱ्याचे डोके फिरले की काय, अशी शंका त्याला आली. पण आज्ञा ती आज्ञा. तो माथ्यावर हिंडू लागला. जो दगड उचलावा त्याला धार, जो उचलावा त्याला कोपरा. ऊन माथ्यावर आले, पाय भाजले, तहान लागली. दुपार कलली तेव्हा त्याला दूर मेंढ्यांचा आवाज आला.

तिथे म्हाकू नावाचा एक धनगर मेंढरांच्या वाड्याची पडकी भिंत रचत होता. शिष्याने पाणी मागितले. म्हाकूने दिले, आणि कामाला माणूस मिळाल्याच्या आनंदात दगड मागू लागला. शिष्याने हाताला लागला तो एक दगड पुढे केला.

"त्यो नगं!" म्हाकू ओरडला. "गोल गोटा भितीत बसतोय व्हय? घसरून अख्खी भित खाली येतीया. आमच्या आज्यापासनं त्ये तिकडं फेकत आलोय आमी. कोपऱ्याचा दगूड द्या."

शिष्याने हातातल्या दगडाकडे पाहिले. तो अंड्यासारखा गुळगुळीत होता. मग म्हाकूने दाखवले तिकडे पाहिले. वाड्यामागे कमरेएवढा ढीग होता, आणि त्यातला एकूण एक दगड गोल होता. लहान, मोठे, काळे, तांबूस. दारापुढच्या नदीत लहानपणी पाय घसरून तो पडला होता ते हेच गोटे.

"हे कोणी आणले वर?" त्याने विचारले.

"आणतंय कोण? जिमनीतनंच निगत्यात. मुरूम उकरला की खाली ह्येच," म्हाकू म्हणाला. "देवाची करनी म्हनायची. आमाला काय, भितीला बसत न्हाईत येवडं खरं."

शिष्य पाणी पिणे विसरला आणि गोटा घेऊन धावत आला. त्याने तो वैद्यबुवांच्या हातात ठेवला. त्याला धाप लागली होती. "गुरुजी, नदी इथे वर होती?"

वैद्यबुवांनी गोटा तळहातावर फिरवला. मग ते बोलू लागले.

"बाळा, पाणी डोंगर चढत नाही. डोंगर आधी असता, तर नदी त्याच्या पायथ्याशी तुंबली असती, तळं भरलं असतं, आणि सांडलं असतं ते त्या खिंडीतून. ती इथून जाते, याचा अर्थ ती निघाली तेव्हा इथे डोंगर नव्हता. सपाट माळ होता. आपण बसलोय हे तिचं पात्र होतं आणि हा गोटा तिनं इथेच घासून गोल केला. मग जमीन खालून उचलली जाऊ लागली. किती? एका पावसाळ्यात केसभर. नदीला ते कळलंही नसेल. तिनं आपलं रोजचं काम केलं. दगडगोटे वाहून नेता नेता तळ केसभर झिजवला. जमीन केसभर वर, तळ केसभर खाली. किती हजार पिढ्या हे चाललं ते मला मोजता येत नाही. तू म्हणालास, एवढी उंच होणार हे आधी कळलं असतं तर गेलोच नसतो. तिलाही आधी कळलं नव्हतं. आणि एवढ्या उंच डोंगराशी ती एका दिवसात कधी झगडलीही नाही. तिच्यापुढे रोज केसभरच डोंगर होता."

शिष्य खाली मान घालून ऐकत होता. त्याला पटत होते, आणि म्हणूनच राग येत होता. "पण गुरुजी, नदीला दुसरी वाट नव्हती. मला आहे."

"तिलाही होती. ज्या वर्षी तळ झिजवायचं थांबवलं असतं, त्या वर्षापासून ती तुंबायला लागली असती, आणि एक दिवस खिंडीतून गेली असती. खिंड काय, तेव्हाही होती आणि आजही आहे. तू खुशाल त्या वाटेनं माझ्याबरोबर परत चल. झोळी मी ठेवून घेईन, एक शब्द बोलणार नाही." वैद्यबुवा थांबले. मग सहज विचारावे तसे म्हणाले, "आज कितवा दिवस?"

"विसावा," शिष्याच्या तोंडून निघून गेले.

"सांगायला बोटं मोजावी लागली नाहीत."

वाटेवर रोज सकाळी उठल्या उठल्या शिष्य मनाशी म्हणत आला होता, सोळावा, सतरावा, अठरावा. दर कोसाला म्हातारा बसला की त्याची चुळबूळ व्हायची ती याचसाठी.

"काम सोडलेला माणूस दिवस कशाला मोजेल?" वैद्यबुवा म्हणाले. "आता माझ्याकडे बघू नकोस. ऊन आहे तोवर त्या धनगराला वाट विचार."

शिष्याने वाकून त्यांच्या पायांवर डोके ठेवले. आल्या दिवशीचा राहिलेला नमस्कार त्याने असा पुरा केला. मग झोळी खांद्याला लावली आणि गोटा हातात घेतला. म्हाकूने त्याला मेंढरांची पाऊलवाट दाखवली. ती कड्याच्या अंगाने घळीत उतरत होती आणि नदीच्या काठाकाठाने थेट गावात निघत होती. "बुवांची काळजी नगं," म्हाकू म्हणाला. "आजची रात आमच्यात. सकाळी घोड्यावर घालून खिंडीपातुर सोडतो. तुमी तेवडं पाय बघून टाका."

एकविसाव्या दिवशी दुपारी शिष्य गावात शिरला. चावडीवर बसलेल्यांपैकी एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसले. कोणीतरी मुद्दाम मोठ्याने विचारले, "का वैद्यराज, परत? आता कोनाचा पाय वाकडा करायचा ऱ्हायलाय?" तीन वर्षांत पहिल्यांदाच शिष्याला ते बोलणे डोंगराएवढे वाटले नाही. तो थांबला नाही.

तानूबाई ओसरीवर बसली होती. शेजारीण विळीने पट्टी कापायच्या बेतात होती. शिष्याने विळी बाजूला सारली आणि बसून एकेक फेरा हलक्या हाताने सोडला. कामट्या काढल्या. मनगट सरळ होते, पण हात लाकडासारखा झाला होता. तानूबाईने बोटे मिटायचा प्रयत्न केला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. "ग्येला हात," ती म्हणाली. "आता बांगड्या कोन भरनार?"

शिष्याने तो गोटा तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटे त्याच्याभोवती आणली. "दाबा."

तिने दात खाऊन दाबले. करंगळी जागची हलली नाही. मधले बोट मात्र हलले. दुसऱ्या कोणाला दिसले नसते एवढे हलले.

"येवडंच?" तानूबाईने विचारले.

"आज एवढंच," शिष्य म्हणाला. "गोटा तुमच्याकडेच ठेवा. मी उद्या येतो."