सात वेशी आणि एक तांब्या

मुलांनो, आणि मुलांना पुढे बसवून मागून कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की त्या नगराचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. शेवटी सगळं गोड होईल अशा आशेने कुणी बसलं असेल, तर त्याने आत्ताच उठावं.

नगर मोठं होतं, पण पहिल्यापासून मोठं नव्हतं. सुरुवातीला त्याला एकच वेस होती आणि वेशीपाशी एक पाणपोई. पोईवर एक म्हातारी बसे. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ती गुळाचा खडा ठेवी, ओंजळीत पाणी घाली आणि विचारी, "पाव्हणं, वाटंत काय पायलंत?"

घसा ओला झाला की माणूस बोलतो. कुणी सांगे, पलीकडच्या मुलखात टोळ उतरलेत. कुणी सांगे, दूरच्या बंदरात पटकीची साथ आहे. दिवेलागणीला म्हातारी ते सगळं राजाच्या कानावर घाली. मग टोळ यायच्या आत पीक घरात येई आणि साथ यायच्या आत वेस बंद होई. लोक म्हणत, नगर तटबंदीमुळे वाढलं. मी म्हणतो, म्हातारीच्या प्रश्नामुळे वाढलं.

वाढता वाढता एकाच्या सात वेशी झाल्या. धान्याची निराळी, लाकडाची निराळी, कापडाची, जनावरांची, मिठाची, अशा सात. साता समुद्रांपलीकडची गलबतं बंदराला लागू लागली. मग म्हातारी मेली. प्रधान राजाला म्हणाला, "महाराज, रोज हजारो माणसं येतात. एकेकाशी गप्पा मारत बसलो, तर गाड्या हलायच्या कधी?" राजाला ते पटलं. पोई पाडून तिथे दगडी हौद बांधला, त्याला पितळी तोट्या बसवल्या. प्रत्येक वेशीवर एक रखवालदार उभा राहिला. तो एवढंच विचारी, "काय आणलंस?"

फरक लहान दिसतो ना? तेव्हाही सगळ्यांना लहानच दिसला.

आता त्या हौदात पाणी कुठून येई ते ऐका. नगरापासून दीड दिवसाच्या वाटेवर, डोंगरात एक तलाव होता. वाडवडिलांनी मातीचा बांध घालून तो अडवला होता. तिथून पाटाने पाणी नगरात येई. दूर देशीच्या राजांची नावं नगरातल्या पोरासोरांना पाठ होती, पण हा तलाव कुणाला ठाऊक नव्हता. बांधावर एक पिढीजात राखणदार राही. त्याची एकुलती एक लेक नगरात दिलेली होती, अगदी पाटाच्या काठच्या गल्लीत.

एका सकाळी राखणदाराला बांधाच्या पायथ्याशी पाझर दिसला. पाझर रोजचाच, पण आज तो गढूळ होता. त्याचा बाप सांगून गेला होता, "निवळ पाझर म्हंजे बांधाला घाम आला. गढूळ पाझर म्हंजे बांध पोटातनं खचतोय."

त्याने ते पाणी तांब्यात भरून घेतलं, जवळच्या वाडीला डोंगरावर चढायला सांगितलं आणि नगराची वाट धरली. बांध सोडून तो स्वतः कधी नगरात गेला नव्हता, पण वेशीवर पाणी देतात आणि वाटेची हकीकत विचारतात, असं त्याने बापाकडून ऐकलं होतं. वाटभर तो काय सांगायचं ते मनात जुळवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धान्याच्या वेशीवर पोचला.

"काय आणलंस?" रखवालदाराने विचारलं.

"सांगावा आणलाय, दादा. वरचा बांध फुटाय लागलाय."

"ही धान्याची वेस आहे. सांगाव्याची पुढे असेल. चल, गाड्यांना वाट दे."

पुढे मिठाची वेस होती. मिठाच्या वेशीने कापडाच्या वेशीकडे पाठवलं. तिथल्या रखवालदाराने तांब्यात डोकावून पाहिलं, नाक मुरडलं आणि पाणी ओतून दिलं. "असली घाण आत नेता येत नाही," तो म्हणाला.

"अवो, त्येच तर दावायचं हाय!" राखणदार कळवळला. पण ते पाणी केव्हाच धुळीत जिरलं होतं.

मग तो जिवाच्या आकांताने ओरडला. पण वेशीवर कोण ओरडत नव्हतं? कुणी दोर विकत होतं, कुणी मडकी. त्यांच्यात आणखी एक आवाज, एवढंच. कुणी मान वळवून पाहिलंही नाही.

सहा वेशी झाल्या. ऊन कलायला लागलं. शेवटी त्याने वाटेकडेच्या काटक्या गोळा केल्या, मोळी बांधून डोक्यावर घेतली आणि लाकडाच्या वेशीवर गेला.

"काय आणलंस?"

"लाकडं."

"जा आत."

एवढं सोपं होतं! इथे आलो की दरवेळी माझं डोकं फिरतं. काटक्यांच्या मोळीला वेस होती, हजारो जिवांच्या बातमीला नव्हती.

लेक दारात दिवा लावत होती. बापाला पाहताच तिने गूळ-पाणी पुढे ठेवलं. "आबा, असं अवचित आलासा? वर समदं बरं हाय न्हवं?"

अख्ख्या नगरात हे त्याला पहिल्यांदाच कुणी विचारलं. म्हातारा ओक्साबोक्शी रडला आणि रडत रडतच त्याने सगळं सांगितलं. लेक राखणदाराची होती. गढूळ म्हणताच ती उठली. नवरा गलबतावर दूर देशी गेलेला, घरात ती आणि तीन वर्षांची पोर. तिने पोरीच्या मुठीत गुळाचा खडा ठेवला आणि तिला बापाच्या कडेवर दिलं.

"हिला घेऊन देवळाच्या टेकडीवर जावा. म्या गल्लीला सांगून आलेच."

"तू बी चल, पोरी."

"आबा, वेशीवरच्यांनी तुमचं ऐकलं न्हाई. म्या ऐकूनशान न सांगता पळाले, तर माज्यात नि त्यांच्यात फरक काय?"

ती दारोदार गेली. लोक जेवायला बसले होते. "काही असतं तर वेशीवरून कळलं नसतं का?" ते म्हणाले. "एक सोडून सात वेशी आहेत आपल्याला!"

टेकडीवरून म्हाताऱ्याने आधी पाण्याच्या लोंढ्याचा आवाज ऐकला. मग खालचे दिवे विझत गेले, पाटाकाठची गल्ली सगळ्यात आधी. तो लेकीला हाका मारत राहिला. कडेवरच्या नातीच्या मुठीत गुळाचा खडा तसाच होता.

ते नगर पुन्हा उभं राहिलं नाही. बंदर गाळाने भरलं. गलबतं लांबूनच वळली, आणि जग दुसऱ्या बंदराकडे गेलं. साती रस्त्यांवर बाभळी माजल्या. म्हाताऱ्याने पडक्या वेशीपाशी चार दगड रचून पोई मांडली. रोज तो तांब्या भरून ठेवी, गुळाचा खडा ठेवी आणि रस्त्याकडे डोळे लावून बसे. कुणी आलं तर विचारायचं होतं, वाटेत काय पाहिलंत. मरेपर्यंत तो बसला. एकही वाटसरू त्या वाटेने आला नाही.

तात्पर्य: जो येणाऱ्याची विचारपूस करत नाही, त्याच्या घरात संकट न विचारता शिरतं.